अंगणातील समूहचित्र आणि त्याची पूर्वतयारी : पुण्याच्या कुटुंबेतिहासाचे एक साधन

महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने म्हणून दप्तरे, बखरी, महजर, पत्रव्यवहार, कुलवृत्तान्त आणि आत्मचरित्रे यांचा विचार पुष्कळ झाला आहे. वि. का. राजवाडे व खं. चि. मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, तेव्हापासून घरोघरचे कागद मिळविणे, त्यांची छाननी करणे व ते प्रसिद्ध करणे हे या शहरातील विद्वत्तेचे एक व्रतच होऊन बसले. ज्या घरांतून हे कागद बाहेर आले, त्याच घरांच्या दिवाणखान्यातील एका साधनाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. ते साधन म्हणजे भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेले कुटुंबाचे समूहचित्र. बोलीत त्याला 'ग्रुप फोटो' म्हणतात. मधल्या रांगेत खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, मागे उभे राहिलेले कर्ते पुरुष व सुना, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले, अशी त्याची ठरीव मांडणी पुणेकर वाचकांच्या परिचयाची आहे.

हे चित्र म्हणजे त्या कुटुंबाच्या जीवनाचे जसेच्या तसे प्रतिबिंब, असे समजून ते वापरले तर अभ्यासकाची फसगत होते. घरातील माणसे अशी कधीच बसत नसत. आजोबा आणि सुना एका वेळी एका जागी समोरासमोर येणेही जेथे अपवादात्मक, तेथे ती सर्व एका चौकटीत दाटीवाटीने बसली, ती तासा-दोन तासांच्या खटपटीनंतर. तेव्हा समूहचित्र हा प्रथमतः त्या खटपटीचा, म्हणजेच पूर्वतयारीचा पुरावा आहे. कोणाला बोलावले, कोणास कोठे बसविले, मूल कोणाच्या मांडीवर दिले आणि कोणास बोलावलेच नाही, हे निर्णय घरातील अधिकारी व्यक्तींनी घेतले आणि काचेने ते टिपले. या पूर्वतयारीची कारणे काही अंशी तांत्रिक व काही अंशी सामाजिक होती. ती वेगळी काढून दाखविली, तरच या साधनाचे वाचन शक्य होते.

१. काच, ऊन आणि अंगण

दागेरच्या छायाचित्रणपद्धतीचा तपशील १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे जाहीर झाला. पश्चिम हिंदुस्थानात या कलेने लवकरच मूळ धरले. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ साली स्थापन झाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्या वर्गाच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत हाच व्यवसाय केला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या कलेतील आद्य मराठी नावांपैकी एक. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची रेल्वे १८५८ साली सुरू झाली व १८६३ साली बोरघाटातील मार्ग पुरा होऊन मुंबई-पुणे प्रवास अखंड झाला. त्यामुळे काचा, रसायने, कागद व कारागीर या सर्वांचीच वाट सुकर झाली. पुण्यात छावणी असल्याने गोऱ्या अधिकाऱ्यांचे गिऱ्हाईक होते आणि पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम येथे असल्याने त्यात भर पडे. पेठांतील कुटुंबे या कलेकडे वळली ती त्यानंतर, हळूहळू.

आर्चरने १८५१ साली प्रसिद्ध केलेली कलोडियनची पद्धती म्हणजे ओल्या काचेची पद्धती. काचेवर लेप देणे, ती ओली असतानाच चित्र घेणे आणि लगेच अंधारात नेऊन तिच्यावर प्रक्रिया करणे ही तीनही कामे काही मिनिटांत उरकावी लागत. लोकांच्या घरी जाऊन चित्र काढायचे, तर अंधारखोलीच सोबत न्यावी लागे. मॅडॉक्सने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा तयार स्वरूपात विकत मिळू लागल्या. कोरडी काच कित्येक दिवस आधी तयार असे व चित्र घेतल्यावर सवडीने धुता येई. छायाचित्रकार कॅमेरा, तिवई व काचांची पेटी घेऊन वाड्यात येऊ शकला, तो या शोधामुळे. घरातील स्त्रिया दुकानी जाण्यास तयार नसत, तेव्हा छायाचित्रकारानेच घरी येणे ही समूहचित्राच्या प्रसाराची पहिली अट होती.

तो घरी आला तरी घराच्या आत चित्र काढणे त्याला शक्य नव्हते. माजघरात भर दुपारीही अंधार असे. मॅग्नेशियमची झगझगीत पूड पेटवून उजेड पाडण्याची युक्ती १८८७ साली जर्मनीत निघाली, परंतु धूर, आग व मुलांची भीती यांमुळे ती घरगुती कामास सोयीची नव्हती. म्हणून चित्र उघड्यावरच काढावे लागे. चौक, परसू, गच्ची किंवा वाड्यापुढील मोकळी जागा, यांपैकी जेथे उजेड भरपूर पण ऊन प्रत्यक्ष नाही, ती जागा पसंत होई. चहूबाजूंनी दुमजली बांधणी असलेल्या चौकात ऊन उतरते ते माध्यान्ही, आणि तेही डोक्यावरून. अशा उन्हात डोळ्यांच्या खोबणीत व हनुवटीखाली काळोख साचतो, आणि पगडीची सावली कपाळ झाकून टाकते. म्हणून सकाळची अथवा उतरत्या दुपारची वेळ धरावी लागे, वर पासोडी अथवा चादर ताणून ऊन मऊ करावे लागे आणि मागे दुसरी चादर टांगून भिंतीवरील खुंट्या व वाळत घातलेली धोतरे झाकावी लागत. मागील चादर पुरेशी रुंद नसली, म्हणजे चित्राच्या कडेला वाड्याचा खांब किंवा तुळशीवृंदावनाचा कोपरा डोकावतो. ज्या वास्तू आज अस्तित्वात नाहीत त्यांच्या बांधणीचा पुरावा म्हणून असे कोपरे मोलाचे आहेत.

तांत्रिक कारणांपैकी एक कारण मुलांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. दोन-चार माणसांचे चित्र असेल तर सर्वजण भिंगापासून जवळजवळ सारख्या अंतरावर बसविता येतात. माणसे पंचवीस-तीस झाली की तीन-चार रांगा कराव्या लागतात, आणि पहिली व शेवटची रांग एकाच वेळी स्पष्ट येण्यासाठी भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते. छिद्र लहान केले की उजेड कमी आत येतो व भिंगावरील झाकण अधिक काळ उघडे ठेवावे लागते. आप्त जितके जास्त, तितका वेळ मुलांना अधिक निश्चल बसविणे भाग पडे, असा हा संबंध होता. मोठ्या कुटुंबाचे स्वच्छ चित्र ही म्हणूनच प्रथमतः लहान मुलांच्या शिस्तीची कसोटी होती. रांगा सरळ न ठेवता किंचित धनुष्याकृती करण्याची जी रीत पडली तीही याच कारणाने. कडेची माणसे थोडी पुढे घेतली म्हणजे त्यांचे भिंगापासूनचे अंतर मधल्या माणसांइतके होते.

२. मुलांची तयारी

मुलांची तयारी आदल्या दिवसापासून सुरू होई. न्हाऊ घालणे, तेल लावून केस चापून बसविणे, मुलींच्या वेण्या घालणे, हे सणासुदीसारखेच होते. तान्ह्या मुलास झबले-टोपडे अथवा कुंची, पायांत वाळे, मनगटांत बिंदल्या, त्याहून मोठ्या मुलास सदरा किंवा कोट व जरीची टोपी, मुलीस परकर-पोलके, असा पोषाख चित्रांतून पुन्हा पुन्हा दिसतो. उन्हाळ्यात एरवी करगोट्यावर हिंडणारे मूल या दिवशी जरीच्या टोपीत अडकविले जाई. तेव्हा या चित्रांवरून मुलांचा नित्याचा वेष ठरविणे चुकीचे होय. त्यांवरून ठरते ते एवढेच, की चारचौघांत मूल कसे दिसावे अशी घराची इच्छा होती. दागिन्यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी, कारण अशा प्रसंगी ते नात्यात एकमेकींना उसने देण्याची रीत होती. एकाच मुलाच्या अंगावरील अलंकारांवरून त्या बिऱ्हाडाच्या सांपत्तिक स्थितीचे अनुमान काढता येत नाही.

रंगांच्या निवडीत छायाचित्रकाराचे म्हणणे ऐकावे लागे. जुन्या काचांवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम फार होई, तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. फोगेलने १८७३ साली रंगद्रव्याच्या योगाने काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशासही संवेदनशील करण्याचा मार्ग दाखविला. तांबडा रंगही जाणणारी काच १९०६ साली इंग्लंडात बाजारात आली व तिचा सर्रास वापर त्यानंतरचा आहे. याचा अर्थ असा, की एकोणिसाव्या शतकातील पुणेरी समूहचित्रात फिकट निळे वस्त्र पांढरे, तर तांबडे लुगडे काळे दिसते. कपाळावरील कुंकू काळ्या ठिपक्यासारखे उमटते. विधवेचे तांबडे आलवण आणि सवाष्णीचे तांबडे लुगडे या दोहोंची छटा सारखीच येते. म्हणून केवळ गडद वस्त्रावरून कोणाचे वैधव्य ठरविता येत नाही. कपाळ, बांगड्या, मंगळसूत्र व मस्तकावरील पदर या सर्वांची एकत्र साक्ष घ्यावी लागते.

मुलांना स्थिर बसविण्याचे उपाय जगभर बरेचसे सारखे होते. तिवईवरची पेटी, काळ्या कापडाखाली डोके घालणारा अनोळखी मनुष्य आणि सर्वांनी एकदम धारण केलेले मौन, यांनी लहान मूल घाबरणे साहजिकच होते. एरवी मुलास गप्प करण्यासाठी बागुलबुवाचे नाव पुरे होई. येथे तो उपाय उलटत असे, कारण भ्यालेले मूल रडते आणि रडणारे मूल हलते. म्हणून मुलाचे पोट भरलेले असावे, त्याची झोप झालेली असावी, खडीसाखर किंवा बत्तासा चित्र होईपर्यंत दाखवीत राहावा व नंतर द्यावा, ओळखीच्या माणसाने कॅमेऱ्याशेजारी उभे राहून त्याचे लक्ष वेधावे, हा त्यातला व्यवहार. मुलांच्या हातांत पुस्तक, चेंडू, फुलांची परडी किंवा काठी दिलेली दिसते. पुस्तक पाहून त्या घरातील विद्याप्रेमाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, की हातात वस्तू दिली म्हणजे हात हलत नाहीत. मुलांनी गुडघ्यांवर घट्ट दाबून धरलेल्या मुठींचे कारणही हेच.

युरोप-अमेरिकेत त्याच काळी तान्ह्या मुलांची चित्रे काढताना आईला वस्त्राने झाकून खुर्चीसारखे बसवीत व तिच्या मांडीवर मूल ठेवीत. मूल दिसावे, आई दिसू नये, अशी ती योजना होती. प्रौढांची मान स्थिर राहावी म्हणून मागून लोखंडी आधारही देत. पुणेरी समूहचित्रातही मुलाची आई पुष्कळदा त्याच्यापासून दूर असते, परंतु ती वस्त्राने झाकलेली नसते. घराच्या रीतीने ती मागील रांगेत गेलेली असते. तिचे मूल आजीच्या किंवा आजोबांच्या मांडीवर असते. एकत्र कुटुंबात वडिलांदेखत स्वतःच्या मुलाला उचलून घेणे तरुण पित्याला प्रशस्त वाटत नसे आणि नवऱ्याशेजारी बसणे सुनेला तर अशक्यच होते. मूल हे त्या दोघांचे नसून घराचे, हा संकेत येथे डोळ्यांना दिसतो. पण त्याबरोबरच एक व्यावहारिक परिणामही घडे. ज्या मुलाला आईची सवय, त्यास आजोबांच्या मांडीवर निश्चल बसविणे कठीण जाई. अशा चित्रांत एखाद्या तान्ह्या मुलाचे तोंड पुसट आलेले आढळते. झाकण उघडे असताना त्याने मान वळविली, एवढाच त्याचा अर्थ. कोणीकडे वळविली हे मात्र पाहण्यासारखे असते. डोके मागच्या रांगेकडे वळलेले असेल, तर त्या दिशेस उभी असलेली स्त्री कोण, हा प्रश्न अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे.

३. आप्तांची मांडणी

समूहचित्र सहसा निमित्ताने निघे. मुंज, लग्न, कोणाची विलायतेस रवानगी, साठी-शांत, सहस्रचंद्रदर्शन किंवा दिवाळीस जमलेला गोतावळा, ही त्याची निमित्ते. यावरून एक मुद्दा उघड होतो. इरावती कर्वे यांनी आपल्या १९५३ सालच्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली ती अशी : एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि विशिष्ट प्रकारचे परस्परनाते. चित्रातील समूह या व्याख्येत पुरता बसत नाही. त्यात माहेरवाशिणी येतात, जावई येतात, भाचरे येतात, शिक्षणासाठी राहिलेला एखादा नातलग मुलगाही येतो. चुलीचे कुटुंब आणि चित्रातील कुटुंब यांच्या सीमा वेगळ्या आहेत. एखाद्या घराची जनगणना म्हणून चित्राचा उपयोग करता येत नाही. त्या घराची आपली माणसे कोण, याविषयीची त्याची स्वतःची समजूत म्हणून मात्र त्याचा उपयोग होतो.

बसविण्याचा क्रम वय, नाते आणि मान यांच्या मेळातून ठरे. मधोमध सर्वांत वडील पुरुष. त्याच्या बाजूस त्याची पत्नी असेल तर ती वार्धक्याने मिळालेली सवलत होय. तरुण जोडप्यांना ती नव्हती. जावयास खुर्ची, घरच्या त्याच वयाच्या मुलास मात्र उभे राहणे, हा फरक डोळ्यांत भरतो. सुनांची रांग थोरली-धाकटी या क्रमाने लागे. माहेरवाशीण मात्र बऱ्याच वेळा बसलेली व काहीशी मोकळी दिसते. पुरुषांच्या पगड्या, पागोटी व टोप्या यांवरून पिढ्यांतील अंतर सांगता येते. पगडी घातलेले आजोबा, पागोट्यातला मुलगा आणि टोपीतला नातू ही तीन शिरोभूषणे एका चित्रात आली, म्हणजे वेषांतराचा सारा इतिहास तीन रांगांत मांडला जातो.

आता अनुपस्थितांचा विचार. वपन केलेल्या विधवेला मंगल प्रसंगी पुढे येण्याची मुभा नव्हती, आणि समूहचित्र तर बहुधा मंगल प्रसंगीच निघे. त्यामुळे घरातील अर्धे काम जिच्या अंगावर, ती आत्या किंवा काकू चित्रात नसते, किंवा असलीच तर अगदी कडेला, मस्तकावरून पदर ओढून, बसलेली असते. वृद्ध विधवा आई हा त्याला अपवाद. तिला मुलांच्या कर्तेपणामुळे मधली खुर्ची मिळे. पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला, धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी विवाह केला व १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. हे सर्व पुण्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. परंतु ज्या असंख्य घरांनी या सुधारणेत भाग घेतला नाही, त्या घरांतील विधवांचे स्थान काय होते, हे सांगणारे कागद फार थोडे. समूहचित्रातील ती रिकामी जागा हा त्याविषयीचा एक पुरावा आहे. कुलवृत्तान्तावरून त्या साली घरात असलेल्या व्यक्तींची यादी करावी, चित्रातील व्यक्ती तिच्याशी ताडून पाहाव्या आणि जी नावे उरतील ती कोणाची, हे तपासावे. अनुपस्थितीचा पुरावा नेहमीच दुबळा असतो. आजारपण, प्रवास, सोयर-सुतक अशी दुसरी कारणे संभवतात. तथापि अनेक घरांच्या चित्रांतून एकाच प्रकारच्या व्यक्ती वगळलेल्या आढळल्या, तर त्यास योगायोग म्हणता येणार नाही.

नोकर-चाकरांचेही असेच. मूल खेळविणारी बाई क्वचित मुलासोबत चित्रात येते, कारण तिच्याशिवाय ते मूल थांबत नाही. तिचे येणे मानाचे नसून गरजेचे असते. परंतु त्या गरजेमुळेच, जिचा उल्लेख कोणत्याही कुलवृत्तान्तात येणार नाही अशा स्त्रीची मुद्रा शिल्लक राहिली आहे.

४. घराबाहेरची दोन उदाहरणे

घरगुती चित्रांच्या पूर्वतयारीची लेखी नोंद सहसा कोणी ठेवली नाही. म्हणून ज्यांची माहिती निश्चित आहे अशी दोन प्रसिद्ध उदाहरणे तुलनेसाठी घेणे उपयुक्त ठरेल.

पहिले उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेले, १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख असलेले चित्र सुप्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लामबुली अशा तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. चित्राखाली तिघींची नावे व गावे छापली आहेत. श्रीरामपूर या बंगालमधील गावाचे नाव तेथे चुकीचे पडले आहे आणि सबात यांच्या नावाचे आद्याक्षरही चुकले आहे. तरीही त्या सदोष नोंदीमुळेच तिघींची ओळख आजवर पक्की राहिली. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्याच दशकात पुण्याच्या अंगणांत ज्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, त्यांच्या चित्राखाली मात्र नावे लिहिण्याची गरज कोणास वाटली नाही. घरातील सर्वांना त्या ठाऊक होत्या, हेच त्याचे कारण.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके छायाचित्रकार होते व गोध्रा येथे त्यांनी तो व्यवसाय केला होता. त्यांच्या आरंभीच्या चित्रपटांची सारी भिस्त सूर्यप्रकाशावर होती. 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ सालच्या चित्रपटात रोहिदासाची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली. पत्नी सरस्वतीबाई यांनी उन्हात पांढरी चादर धरून पात्रांवर उजेड पाडण्याचे काम केले, हे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्णाची भूमिका मुलगी मंदाकिनी हिने केली. या चित्रपटाचा बराचसा भाग उपलब्ध असून तो १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे. त्याच्या आरंभी सात वर्षांच्या मंदाकिनीचे निरनिराळे मुद्राभाव दाखविले आहेत. समूहचित्राच्या अभ्यासकाने तो भाग अवश्य पाहावा. मुलाने कॅमेऱ्यासमोर हलू नये, एवढीच अपेक्षा जेथे होती, तेथे त्याने भाव दाखवावा ही अपेक्षा उत्पन्न झाली. उघड्या जागेतील ऊन, चादर धरणारी आई, कॅमेऱ्यामागे बाप आणि समोर मूल ही सामग्री अंगणातलीच. तिचा उपयोग मात्र बदलला.

५. बदल

हा बदल घरांत पोहोचण्यास वेळ लागला. ईस्टमनने १८८८ साली 'कोडॅक' व १९०० साली स्वस्त 'ब्राउनी' कॅमेरा बाजारात आणला. दोन महायुद्धांच्या दरम्यान पेटी-कॅमेरे येथील मध्यम वर्गाच्याही आटोक्यात आले. पर्वतीच्या पायऱ्या, बंडगार्डन, एम्प्रेस गार्डन अशा ठिकाणी काढलेली छोटी चित्रे संग्रहांतून दिसू लागतात. तीत आईबाप आणि दोन-तीन मुले एवढेच कुटुंब असते, मूल बापाच्या खांद्यावर असते आणि ते हसत असते. कॅमेरा कुटुंबातल्याच कोणाच्या तरी हाती असल्याने कोणास कोठे बसवावे हे ठरविणारा वडीलधारा तेथे नसतो. पियेर बूर्द्यू याने १९६५ साली फ्रान्समधील हौशी छायाचित्रणाविषयी लिहिताना, कुटुंबाची एकी साजरी करणे व ती दृढ करणे हे या चित्रांचे कार्य होय असे प्रतिपादन केले. पुण्यापुरते त्यास असे जोडावे लागेल, की कोणत्या कुटुंबाची एकी, हा प्रश्न प्रत्येक पिढीने वेगळ्या रीतीने सोडविला.

व्यावसायिक छायाचित्रकाराला बोलावून, उघड्यावर, ठरवून काढलेले कुटुंबचित्र आज पुन्हा रूढ झाले आहे. मुलाच्या झोपेच्या वेळा सांभाळणे, मावळतीचा मऊ उजेड धरणे, सर्वांच्या कपड्यांचे रंग जुळविणे, खाऊचे आमिष, या गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच्या अंगणातील खटपटीहून फार भिन्न नाहीत. भेद आहे तो अपेक्षेत. पूर्वी मुलाने घराच्या मर्यादेत दिसावे म्हणून तयारी होती, आता त्याने सहज व आनंदी दिसावे म्हणून तयारी असते. ही सहजताही तयारीनेच साधलेली असते, हे पुढील काळाच्या अभ्यासकास विसरून चालणार नाही.

६. साधनाचे रक्षण

या साधनाच्या बाबतीत विलंबास जागा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील शेकडो घरे धुऊन नेली. भिंतींवरची चित्रे व पेट्यांतल्या काचा त्यांबरोबर गेल्या. पुढे वाडे पाडून सदनिका उभ्या राहिल्या, तेव्हा जे पुरातून वाचले त्यातील पुष्कळसे अडगळ म्हणून बाहेर पडले. कागदाचे महत्त्व पटलेल्या घरांनीही चित्रे टाकून दिली, कारण त्यांतील माणसे कोण हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

अडचणीचे मर्म येथेच आहे. कुलवृत्तान्तात नाव असते, चेहरा नसतो. चित्रात चेहरा असतो, नाव नसते. पुरुषांच्या बाबतीत नोकरीतील समूहचित्रे, सनदा, वृत्तपत्रे यांच्या आधारे दोहोंची सांगड कधी कधी घालता येते. स्त्रियांच्या बाबतीत ती जवळजवळ सर्वस्वी घरातील वृद्धांच्या स्मृतीवर अवलंबून असते. त्यातही लग्नानंतर नाव बदलण्याच्या रीतीमुळे एकाच स्त्रीला माहेरच्या चित्रात एक नाव व सासरच्या चित्रात दुसरे नाव असते. अशा दोन चित्रांतील स्त्री एकच आहे हे सांगू शकणारी व्यक्ती गेली, की ती सांगड कायमची तुटते.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे असे हे काम आहे. चित्राची नोंद करताना पाच गोष्टी पाहाव्या : कोठे काढले, कोणत्या निमित्ताने, रांगेगणिक डावीकडून उजवीकडे व्यक्तींची नावे व परस्परनाती, मूल कोणाजवळ आहे, आणि त्या दिवशी घरात असूनही चित्रात कोण नाही. पाचवा प्रश्न विचारताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वृद्ध स्त्रिया त्याचे उत्तर बहुधा देऊ शकतात, कारण चित्र काढीत असताना माजघराच्या दारामागून पाहत कोण उभे होते, हे त्यांनी आपल्या आई-आजीकडून ऐकलेले असते. ही उत्तरे चित्राच्या मागील बाजूस पेन्सिलीने व स्वतंत्र वहीत, सांगणाऱ्याच्या नावासह व दिनांकासह लिहून ठेवावी. दारामागची व्यक्ती चित्रात येऊ शकली नाही. नोंदवहीत तिचे नाव येण्यास मात्र आता कोणाची आडकाठी नाही.